दोन अंश जास्त

वाकवलेली सळई थोडी परत फिरते.
हे मला पुस्तकाने शिकवलं नाही,
सातपूरच्या शेडमध्ये एकवीस वर्षं
ब्रेकचे पाइप वाकवताना मनगटाला कळलं.
तीस हवे असतील तर बत्तीस वाकवायचे,
मग हात सोडायचा.
धातू श्वास सोडतो
आणि तिसावर येऊन थांबतो.

शर्वरीच्या पाठीत अठ्ठावन्न.
डॉक्टर गायधनींनी एक्स-रेवर पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या,
त्या जिथे भेटल्या तिथे आकडा लिहिला.
आम्हाला आधी कळलं ते शिंप्यामुळे.
"पोरीचा स्कर्ट डावीकडे दीड इंच उतरतो," म्हणाला,
"आणि माझी टेप नवी आहे."
त्याने घेर एका बाजूने आत घेतला.
ती मात्र रोज आरशासमोर
उजवा खांदा हाताने दाबून धरायची,
न बसणारं झाकण दाबतात तसा.

त्याच वर्षी मी अंबडला नव्या कंपनीत लागलो.
जबडे घासायचे. सळई धरणारे, पोलादी.
ड्रॉइंगवर नंबर होता, मापं होती,
कुठेही 'पाठ' असं लिहिलेलं नव्हतं.
मापात केसाएवढीही सूट नाही म्हणून
मी ड्रॉइंग काढणाऱ्याला शिव्या घातल्या
आणि चार पीस भंगारात टाकले.

निनाद टिळेने एकदा यंत्र चालवून दाखवलं.
एक दांडी प्रत्येक स्क्रूच्या माथ्याला टेकवायची,
कॅमेरा बघतो,
पडद्यावर हिरवी रेघ वळत वळत उभी राहते.
मग यंत्र सळई सरकवतं, फिरवतं, दाबतं.
पुन्हा सरकवतं.
आवाज जवळजवळ नाहीच.
माझे वडील तांबट आळीत घंगाळं ठोकायचे,
काहीतरी गोल होतंय
हे अख्ख्या आळीला कळायचं.

"आधी डॉक्टर पकडीने वाकवायचे," निनाद सांगत होता,
"नजरेने. चुकलं की उलटं वाकवायचं.
पकडीचा दात जिथे लागतो
तिथे सळई पुढे कधीतरी तुटते."
मी विचारलं, परत फिरते ते किती धरलंय?
"प्रत्येक बॅचची सवय यंत्रात भरलीय, काका."
सवय म्हणाला.
पोरगं धातूला ओळखतं, वाटलं.

गंगापूर रोडच्या त्या दवाखान्यात
सहा तास बाकावर बसलो.
उज्ज्वलाने पिशवीतून स्कर्ट काढला
आणि शिंप्याने घातलेली टीप उसवायला लागली.
थांब, म्हटलं, इतक्यात नको.
तिने वर पाहिलं नाही.
धाग्याचे तुकडे तिच्या मांडीवर साठत गेले.

आणि मला आठवला शनिवारचा एक जबडा,
संध्याकाळचा, बस चुकेल म्हणून घाईत घासलेला.
त्याची धार मारली होती का?
बोट फिरवून पाहिलं होतं का?
तपासणीत पास झाला होता, शिक्का होता,
तरी बाकाच्या लोखंडी कडेवरून
मी अंगठा फिरवत राहिलो,
आत त्या क्षणी
तोच सळई धरून असल्यासारखा.

पाचव्या दिवशी ती भिंतीला लागून उभी राहिली.
साडेचार सेंटिमीटर वाढली.
नर्सने दोनदा मोजलं, तिने तिसऱ्यांदा मोजायला लावलं.
महिन्याने शिंपी म्हणाला,
आता उजवीकडे पाव इंच उतरतोय.
डॉक्टर म्हणाले, राहू दे, शरीर बसेल हळूहळू.
उज्ज्वला घाबरली.
मी नाही. मी हात सोडून
वाट बघायला शिकलेला माणूस.

"बाबा, वाकता येत नाही, चप्पल."
गुडघ्यावर बसलो, पट्टा लावला.
उठताना कंबरेत कट्ट वाजलं
आणि दाराची चौकट धरून मी
अर्ध्यातच राहिलो.
ती हसली, टाके ओढतात म्हणून
नुसत्या चेहऱ्याने,
आणि ताठ उभी राहून हात पुढे केला.